शेख महंमदांचा 'संग्राम' आणि इस्लाममधील अनाक्रमणाचा विचार

शिरूर तालुक्यातील इनामगाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील पांढरीच्या टेकाडांमुळे. घोडनदीच्या उजव्या तीरावरील या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची, सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील, वसाहत उजेडात आली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही नावे या कार्याशी कायमची जोडली गेली आहेत. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती प्राचीन वसाहत नव्हे. घोडनदी ओलांडली की श्रीगोंदे तालुका लागतो. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर हा त्याचा जिल्हा. या एका तालुक्यात परस्परविरोधी अर्थाच्या दोन स्मृती नांदत आहेत. एक श्रीगोंद्यातील शेख महंमद यांच्या समाधीची; दुसरी भीमाकाठच्या पेडगाव येथील बहादूरगडाची, जिथे १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैदी म्हणून आणून त्यांची विटंबना करण्यात आली. इस्लाम हिंसेविषयी आणि आक्रमणाविषयी नेमके काय सांगतो, हा प्रश्न म्हणूनच या परिसरात केवळ ग्रंथालयातला राहत नाही. संताकडे पाहून उत्तर द्यावे की बादशहाकडे पाहून, हा पेच त्यात अंतर्भूत आहे.

या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांना होते. एक पक्ष काही वचने पुढे करून इस्लाम म्हणजे निव्वळ शांतता असे प्रतिपादन करतो, तर दुसरा पक्ष दुसरी काही वचने पुढे करून तो म्हणजे निव्वळ तलवार असे म्हणतो. दोघांच्याही मनात मोजमाप मात्र एकच असते, ते म्हणजे 'अहिंसा'. ही संकल्पना जैन आणि बौद्ध परंपरांतून आपल्याकडे आली, गांधीयुगात ती राजकीय झाली आणि आता प्रत्येक धर्माला आपण तीच फूटपट्टी लावतो. इस्लामने अशी संपूर्ण अहिंसा सांगितलेली नाही, हे प्रथमच मान्य केलेले बरे. त्याने जे सांगितले आहे त्याला 'अनाक्रमण' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. बळाचा वापर अपरिहार्य ठरू शकतो. परंतु त्याला कारण हवे, मर्यादा हवी आणि शत्रू थांबला की आपणही थांबले पाहिजे, असा हा विचार आहे.

त्याचा ऐतिहासिक क्रम पाहण्यासारखा आहे. इ.स. ६१० च्या सुमारास प्रेषित मुहंमदांच्या उपदेशाला मक्केत आरंभ झाला. ६२२ मधील मदिनेच्या स्थलांतरापर्यंतची सुमारे बारा-तेरा वर्षे छळ, बहिष्कार आणि अपमान सोसण्याची होती. त्या काळात प्रतिकारासाठी शस्त्र उचलण्याची अनुज्ञा नव्हती. मदिनेत समाज स्थिर झाल्यावर ती मिळाली, आणि तीही अन्यायग्रस्त होऊन घराबाहेर काढले गेलेल्यांना. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील १९० वे वचन या संदर्भात पायाभूत मानले जाते. जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका, कारण मर्यादा ओलांडणारे ईश्वराला प्रिय नसतात, असा त्याचा आशय आहे. पाचव्या अध्यायात आदमच्या दोन पुत्रांची कथा येते. भाऊ ठार मारायला निघाला असता दुसरा म्हणतो की, तू हात उगारलास तरी मी तुला मारण्यासाठी हात उगारणार नाही. एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखी, हे सुप्रसिद्ध विधान याच कथेच्या पाठोपाठ येते. ते इस्राएलच्या संततीला दिलेल्या आदेशाच्या रूपात आलेले आहे आणि खून किंवा पृथ्वीवर माजवलेला उत्पात हे अपवादही त्यात नमूद आहेत. अपवाद गाळून ते वचन उद्धृत करणे बरोबर नाही. तथापि अपवाद आहेत म्हणून मूळ नियम निरर्थक ठरवणेही बरोबर नाही.

चरित्रातील प्रसंगही या विचाराला धरून आहेत. ६२८ मध्ये हुदैबिया येथे मक्केच्या कुरैशांशी तह झाला. तहाच्या मसुद्यातील 'ईश्वराचा प्रेषित' या शब्दांना प्रतिपक्षाने हरकत घेतली, तेव्हा मुहंमदांनी ते शब्द काढून केवळ वडिलांच्या नावासह आपले नाव लिहविले आणि त्या वर्षी यात्रा न करताच ते परतले. अनुयायांना हा अपमान वाटला होता. दोन वर्षांनी, ६३० मध्ये, मक्का जवळजवळ विनारक्तपात हाती आली आणि ज्यांनी वर्षानुवर्षे छळ केला त्या बहुसंख्य शत्रूंना माफी देण्यात आली. मोजक्या व्यक्तींना त्यातून वगळले होते. मदिनेतील बनू कुरैझा टोळीला त्यापूर्वी अत्यंत कठोर शिक्षा झाली होती. या दोन्ही गोष्टी त्याच चरित्रपरंपरेत नोंदलेल्या आहेत. नवव्या अध्यायातील युद्धपर वचनेही आहेतच. त्यांनी आधीची संयमाची वचने रद्द झाली असे काही मध्ययुगीन भाष्यकारांनी मानले. तर करार मोडणाऱ्या विशिष्ट टोळ्यांपुरतीच ती आहेत, असे इतरांनी म्हटले. हा वाद इस्लामी विद्वत्तेच्या अंतर्गत आहे आणि तो जुना आहे. एवढे मात्र निश्चित की युद्ध चालू असतानाही स्त्रिया, मुले, वृद्ध आणि मठवासी यांना मारू नये, मृतांची वा कैद्यांची विटंबना करू नये, फळझाडे तोडू नयेत, हे नियम हदीसमध्ये आणि पहिले खलिफा अबू बक्र यांच्या सेनापतीला केलेल्या उपदेशात स्पष्टपणे आढळतात. मराठी वाचकाला येथे शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आठवल्याशिवाय राहणार नाही. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात न लावण्याची ताकीद त्यात आहे. युद्ध करणाऱ्याने युद्धालाच कुंपण घालावे, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे.

या विचाराची परिभाषा आपल्या बोलण्यात किती खोल मुरली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. 'हद्द' हा शब्द अरबी आहे. ईश्वराने घालून दिलेल्या मर्यादांना कुराणात याच शब्दाचे अनेकवचन योजले आहे. आपण संतापून 'हद्द झाली' म्हणतो तेव्हा त्याच कल्पनेचा आधार घेत असतो. वर उल्लेखिलेल्या वचनात मर्यादा ओलांडण्यासाठी जे क्रियापद आले आहे, त्याच धातूपासून 'अदावत', म्हणजे वैर, हा शब्द निघाला. सीमा ओलांडणे आणि वैरी होणे या एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. 'सबुरी' हा शब्दही अरबी 'सब्र'वरून आला आणि शिर्डीच्या साईबाबांमुळे घरोघरी पोचला. आपल्याला ही परिभाषा परकी वाटत नाही, कारण ती शतकानुशतके आपल्या तोंडी आहे.

आतापर्यंत जे पाहिले ते बाह्य मर्यादांविषयीचे, म्हणजे कायद्याचे अंग झाले. दुसरे अंग आतले आहे. कुस्तीत इतरांना लोळवणारा खरा बलवान नव्हे, रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा खरा बलवान, अशा आशयाची हदीस 'बुखारी' या प्रमाण संग्रहात आहे. ज्याच्या जिभेपासून आणि हातापासून इतर सुरक्षित असतात तो मुसलमान, ही व्याख्याही तेथेच सापडते. तीत जिभेचा उल्लेख हाताच्या आधी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. शत्रूशी लढणे हा लहान जिहाद आणि स्वतःच्या वासनांशी लढणे हा मोठा जिहाद, हे वचन सर्वांत प्रसिद्ध. परंतु हदीसशास्त्रज्ञांनी त्याची परंपरा दुर्बळ ठरवली आहे. सूफींनी मात्र ते जीवनसूत्र म्हणून स्वीकारले. तेराव्या शतकात जलालुद्दीन रूमी यांनी 'मसनवी'च्या पहिल्या खंडात सांगितलेली कथा याच सूत्राचे उदाहरण आहे. रणांगणात अली यांनी शत्रूला जेरीस आणले असता तो त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तत्क्षणी तलवार टाकली. आतापर्यंतचे युद्ध कर्तव्याचे होते. यापुढे वार केला असता तर तो स्वतःच्या अपमानाचा सूड ठरला असता.

ही कथा वाचताना पैठणच्या एकनाथांची सर्वश्रुत आख्यायिका आठवते. गोदास्नान करून परतताना एक यवन त्यांच्या अंगावर वारंवार थुंकत राहिला आणि नाथ प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानाला गेले. अखेर तोच शरमला. एका कथेत थुंकी झेलणारा मुसलमान आहे, दुसरीत हिंदू. दोन्ही कथांत कसोटी एकच आहे, ती म्हणजे क्रोधावरील सत्ता. हे साम्य केवळ योगायोगाचे मानण्याचे कारण नाही, कारण सोळाव्या शतकातील दौलताबाद-पैठण परिसरात भक्तिमार्ग आणि सूफीमार्ग एकमेकांच्या निकट वावरत होते. दौलताबादचे चांद बोधले हे कादिरी परंपरेचे सूफी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांना त्यांचा अनुग्रह होता असे परंपरा सांगते. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' मात्र आपल्यासमोर आहे. त्यात दोघे एकमेकांच्या धर्माची यथेच्छ निंदा करतात, कोणीही हातचे राखून ठेवत नाही आणि शेवटी आलिंगन देतात. वाद टाळून साधलेली ही शांतता नव्हे. वाद पुरता बोलून झाल्यावरही हात न उगारण्याची शिस्त तेथे दिसते.

याच चांद बोधल्यांचे शिष्य शेख महंमद. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी त्यांना गुरुस्थानी मानले आणि श्रीगोंद्यात, म्हणजे तेव्हाच्या चांभारगोंद्यात, त्यांची मठासह व्यवस्था लावली, असे परंपरा सांगते. मालोजींनी आपल्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली, हेही प्रसिद्ध आहे. शेख महंमदांचा मुख्य ग्रंथ 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध असून त्याचा काळ शके १५६७, म्हणजे इ.स. १६४५ असा दिला जातो. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे वाङ्मय संपादित करून प्रसिद्ध केले आणि रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथातून या परंपरेचा एकत्र परिचय करून दिला. रामदासांनीही त्यांची स्तुती केल्याचे प्रसिद्ध आहे.

ग्रंथाच्या नावातील 'संग्राम' हा शब्द त्या काळाच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. घोड आणि भीमेच्या दुआबातील गावांनी या पन्नास वर्षांत किती फौजा पाहिल्या असतील! त्या फौजांत मुसलमानाविरुद्ध मुसलमान आणि मराठ्याविरुद्ध मराठा असे दोन्ही लढत होते. अशा काळात ग्रंथाला 'संग्राम' हे नाव देऊन शेख महंमदांनी रणांगणच बदलले. त्यांचा शूर आतल्या शत्रूंवर, अहंकारावर आणि षड्रिपूंवर, चाल करून जातो. सूफी ज्याला मोठा जिहाद म्हणत, त्याला त्यांनी मराठीत योगाचा आणि भक्तीचा पेहराव दिला. पीर आणि सद्गुरू हे एकाच तत्त्वाचे दोन भाषांतले शब्द आहेत, असे ते निःसंकोचपणे सांगतात. स्वतःला 'अविंध' म्हणवून आपल्या हृदयात गोविंद असल्याचेही ते म्हणतात.

त्यांना मवाळ समजण्याची चूक मात्र करू नये. ढोंगी फकीर, पोटभरू गुरू आणि क्षुद्र दैवतांच्या नावाने चालणारे कर्मकांड यांच्यावर त्यांनी कठोर शब्दांत टीका केली आहे. येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. जिभेपासून इतरांना सुरक्षित ठेवण्याच्या आदर्शाशी ही टीका कशी जुळते? उत्तर कदाचित असे देता येईल की, शेख महंमदांचा शब्द दुर्बळावर पडत नाही. धर्माच्या नावाने दुर्बळाला लुबाडणाऱ्यावर तो पडतो आणि स्वधर्मीयांना त्यातून सूट देत नाही. आक्रमक शब्द आणि निर्भीड शब्द यांतील भेद येथे सापडतो.

आता पेडगावकडे वळले पाहिजे. किंबहुना ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेख महंमदांच्या ग्रंथानंतर पंचेचाळीस वर्षेही लोटली नाहीत, तोच त्यांच्या गावापासून जवळच्याच बहादूरगडात संभाजी महाराजांची धिंड काढण्यात आली आणि ११ मार्च १६८९ रोजी, भीमाकाठीच, त्यांचा हाल हाल करून वध झाला. वढू बुद्रुक येथील त्यांची समाधी शिरूर तालुक्यातच आहे. या भागातील माणसाने संयमाच्या वचनांकडे संशयाने पाहिले तर त्याला दोष देता येत नाही. कैद्याची विटंबना आणि अवयवच्छेद यांना प्रेषितांनीच मनाई केली होती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु 'मआसिर-इ-आलमगिरी' या दरबारी इतिहासात हा वध धर्म आणि राज्य यांच्या अधिकाऱ्यांच्या मतानुसार ठरल्याची नोंद आहे, हेही तितकेच खरे आहे. बादशहाला हवे ते मत देणारे धर्मज्ञ दरबारात होते. धर्माचे नियम बादशहापाशी अडले नाहीत. ते अडवण्यास कोणी उभे राहिले नाही.

सर्वच धर्मज्ञ तसे नव्हते. औरंगजेबाचा काझी शेख-उल्-इस्लाम याने विजापूर आणि गोवळकोंडा यांच्यावरील स्वारीस धर्मशास्त्राची मान्यता देण्याचे नाकारले आणि पद सोडून तो मक्केच्या यात्रेला गेला. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडलेच. काझीच्या नकाराने युद्ध थांबले नाही. तथापि साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपदावरील माणूस सत्तेला 'हे आक्रमण आहे' असे सांगू शकला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. त्याच्या आक्षेपाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मुसलमानांनी मुसलमानांवर चालून जावे काय, हा त्याचा प्रश्न होता. मराठ्यांच्या मुलखाविषयी तो त्याने विचारला नाही. अनाक्रमणाचा नियम स्वकीयांपुरता राखणे हा सर्वच धर्मसमाजांचा जुना दोष आहे आणि कुराणातील वचनाच्या व्याप्तीशी तो विसंगत आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. कोणत्याही धर्माची शिकवण ही त्या धर्माच्या सत्ताधीशांच्या वर्तनाचा पुरावा नसते. ती त्यांच्या वर्तनाची कसोटी असते. बहादूरगडावर जे घडले त्यामुळे इस्लामची शिकवण खोटी ठरत नाही, आणि शिकवण उदात्त आहे म्हणून बहादूरगडावरचे कृत्य सौम्यही होत नाही. उलट त्या शिकवणीच्याच मापाने ते कृत्य अधिक निंद्य ठरते. आपल्या बाजूच्या सत्ताधीशांनाही हीच कसोटी लावण्याची तयारी असेल, तरच ती दुसऱ्यांना लावण्याचा अधिकार आपल्याला पोचतो. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा, शिवाजी महाराजांविषयी कटू लिहिणारा इतिहासकार. तरीही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव न देण्याचा महाराजांचा नियम त्याने नोंदवला. शत्रूच्या संयमाची साक्ष देण्याइतका प्रामाणिकपणा सतराव्या-अठराव्या शतकाच्या त्या लेखणीत होता.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. आतल्या शत्रूशी लढा म्हणणाऱ्या संतामुळे बाहेरचा अन्याय कमी झाला काय? १६४५ नंतरही फौजा फिरतच राहिल्या. हमीद दलवाई यांच्यासारख्या विचारवंताचा आग्रह याच कारणासाठी वेगळा होता. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करताना त्यांनी वचनांच्या उदार अर्थावर विसंबून न राहता नागरी समतेच्या आणि कायद्याच्या बाजूने उभे राहण्याचा मार्ग धरला. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे परिशीलन केले आणि 'कुराणसार' सिद्ध केले, तो दुसरा मार्ग. एकाला ग्रंथाबाहेर जावेसे वाटले, दुसऱ्याला ग्रंथाच्या गाभ्यात. हे मार्ग परस्परांना छेद देतात असे वाटत असले तरी प्रत्यक्षात समाजाला दोहोंची गरज असते. कायदा हात आवरतो. मन आवरण्याचे काम त्याच्या आवाक्यातले नाही. ते शेख महंमदांसारख्यांचे क्षेत्र आहे.

ही गरज कालची नाही. २०२५ मध्ये शेख महंमदांच्या स्थानाची व्यवस्था, त्याची नोंदणी आणि ते मंदिर की दर्गा या मुद्द्यांवरून श्रीगोंद्यात वाद पेटला आणि आंदोलन झाले. पीर आणि सद्गुरू यांत भेद नाही असे ज्याने सांगितले, त्याच्याच समाधीला काय म्हणावे यावरून हा वाद व्हावा, हे खेदजनक आहे. मालकीचा आणि व्यवस्थेचा प्रश्न न्यायालयात किंवा संबंधित अधिकाऱ्यांपुढे सुटेल आणि तो तेथेच सुटावा. पण तो सुटेपर्यंत गावातील माणसांनी एकमेकांकडे कसे पाहायचे, हे कोणताही निकाल सांगू शकणार नाही.

देहूला तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला आग लागली आणि श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी ती आपल्या हातांनी विझवली, अशी एक आख्यायिका वारकऱ्यांत सांगितली जाते. इतिहास म्हणून ती सिद्ध करता येणार नाही. परंतु मुसलमान संताच्या हातांविषयी मराठी माणसाने रचलेली आणि जपलेली स्मृती म्हणून तिचे मोल मोठे आहे. ज्याच्या हातापासून इतर सुरक्षित असतात तो मुसलमान, ही व्याख्या त्या माणसाने वाचलेली असेल किंवा नसेल. त्याने शेख महंमदांच्या ठायी ती ओळखली होती. घोड आणि भीमेच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना बहादूरगड विसरता येणार नाही आणि विसरूही नये. त्याच तालुक्यातील श्रीगोंदेही विसरू नये, एवढीच अपेक्षा आहे.